न्हाणीतल्या हंड्याचं बेसिन

मी तांब्याचा हंडा बोलतोय. जांबोटीजवळच्या एका शेतातल्या घरात, न्हाणीतल्या चुलीवर मातीनं लिंपून मला बसवलं, त्याला चाळीस वर्षं झाली. बेळगावच्या तांबटानं मला घडवलं. अक्काताई सून म्हणून आली, त्याच वर्षी मीही आलो.

पहाटे ती माझ्याखाली लाकडं सारायची. तिच्या मुलाची, आदर्शची, पहिली आंघोळ माझ्याच पाण्यानं झाली. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसायचं नाही. तेव्हा तो शाळेतून भिजून यायचा आणि माझ्या उबेला पाठ लावून बसायचा. जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही.

पुढं तो बेळगावात नोकरीला लागला. गेल्या वर्षी त्यानं आणि त्याच्या बायकोनं, रचनानं, ठरवलं की घर नीट करून सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना द्यायचं. न्हाणी नवी करायची, पण जुनेपण जपायचं. अक्काताईनं एवढंच मागितलं, की हंडा काढू नको. माझ्या काठावर हात ठेवून तो म्हणाला, "न्हाय काढत आई. हंडा हितंच ऱ्हाईल."

मी निर्धास्त झालो.

काम निघालं तशी अक्काताईला बेळगावला नेलं. चूल फोडली. नळाचं काम करणाऱ्या मष्णूनं मला अंगणात पालथा घातला. आदर्शनं खडूनं माझ्या बुडावर गोल काढला. मष्णू थांबला.

"अण्णा, भोक पाडलं की ह्यात परत पाणी तापायचं न्हाय."

"गीझर हाय की. पाड."

आता मी त्याच जागी आहे, लाकडी फळीवर, डोक्यावर पितळी नळ घेऊन. दगडी फरशी तीच, कोनाडा तोच. पाहुणे माझा फोटो काढतात, मग दात घासून माझ्यात थुंकतात.

अक्काताई परत आली, तेव्हा सवयीनं तिनं माझ्यात हात घातला. बोटं बुडातल्या जाळीला लागली. मागं उभा राहून आदर्श म्हणाला, बघ, ठेवलाय की नाही. तिनं हात बाहेर काढून पदराला पुसला.

"मोडीत घातला असतास तर बरं झालं असतं रं. दुसरं भांडं तरी झालं असतं."

तो हसला. त्याला गंमत वाटली.

आता ती परसात तीन दगड मांडून ॲल्युमिनियमच्या टोपात पाणी तापवते. तिचा खोकला मला इथं ऐकू येतो.

तुमच्या दारी मोड घेणारा आला, तर त्याला आमच्या घराची वाट सांगा. भट्टीची मला भीती नाही. साधा तांब्या झालो तरी चालेल, पाणी धरीन.