खंडेनवमीचा रणगाडा

सूर्यभान चित्रकलेचा मास्तर, पण तात्पुरता. पालमच्या शाळेत त्याला तीन वर्षं झाली होती, तरी कायम करण्याचा आदेश संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांच्या सहीवाचून अडला होता. भूमिपूजनाची कुदळ आबासाहेब लगेच उचलत. पेन उचलायला मात्र त्यांचा हात जड.

१९८५ साली आबासाहेबांना सैनिकी शाळा काढायची हौस आली. पाहणीला एक निवृत्त कर्नल येणार होते, नेमके खंडेनवमीला. शस्त्रपूजेला काहीतरी शस्त्र हवं, म्हणून हैदराबादहून सुट्या भागांचा प्लास्टिकचा छोटा रणगाडा आला. जोडायचा, रंगवायचा सूर्यभानने.

“कर्नल खूश झाले की सही झाली समजा,” आबासाहेब म्हणाले.

सूर्यभानने ब्रशने हिरवा रंग दिला. रणगाडा नव्या पत्र्याच्या पेटीसारखा चकाकू लागला. एकाहत्तरच्या लढाईत रणगाडा चालवलेले झरीचे लिंबाजी तो बघून हसले.

“मास्तर, हा तर नवरदेव झाला. रणगाडा मळलेला असतो.”

“त्याला रंग फवारायची मशीन लागती, काका. माझ्याकडं नुसता ब्रश हाय.”

“ब्रश लय झाला की.”

मग सूर्यभानने ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट रंग फक्त कडांवर घासला. स्पंजच्या तुकड्याने रंग उडाल्याचे ठिपके दिले. रॉकेलात काजळी कालवून फटींत सोडली, वरवरची पुसून घेतली. गंजासाठी गेरू, चाकांभोवतीच्या पट्ट्यांवर काळी माती. पहिल्यांदा गेरू इतका झाला की रणगाडा भंगारवाल्यानेही घेतला नसता. ते सगळं पुसून पुन्हा केलं. आठव्या दिवशी लिंबाजींनी रणगाडा हातात घेऊन चहूबाजूंनी फिरवून पाहिला.

“माझा असाच होता,” ते म्हणाले. सूर्यभानला कायम झाल्याइतका आनंद झाला.

खंडेनवमीच्या सकाळी आबासाहेबांनी रणगाडा पाहिला आणि शिपाई मुंजाजीला फर्मावलं, “पूजेचं शस्त्र असं घाण? धुऊन काढ.”

मुंजाजी इमानी माणूस. घरचे विळे-कुऱ्हाडी धुवावेत तसा त्याने रणगाडा सोड्याने घासला, तेलाचा हात फिरवला, हळदीकुंकू वाहिलं. सूर्यभान पोचला तेव्हा रणगाडा झेंडूच्या हारात लखलखत होता.

तेवढ्यात कर्नल आले आणि त्यांनी चष्मा लावला. “हा शोरूममधून आणलाय का? खरा रणगाडा पाहिलाय का इथं कोणी? आणि सैनिकी शाळा काढायला निघालात?”

“काल बघायला पायजे होता, साहेब,” मागून लिंबाजी म्हणाले. “आज त्याला अंघोळ घातली.”

“मग कालचा दाखवा. चहा होईपर्यंत थांबतो.”

आबासाहेब सूर्यभानला दंडाला धरून ऑफिसात घेऊन गेले. “सर, दहा मिनिटांत घाण करा त्याला.”

“करतो की. पण आधी सही करा. सही झाल्याबिगर मी हात मळवणार न्हाई.”

“माझ्यावर विश्वास न्हाई का तुमचा?”

“तीन वर्षं ठेवला की, आबासाहेब.”

आबासाहेबांनी दारातून डोकावून पाहिलं. कर्नल बशीत चहा ओतून घेत होते. कपाटातून आदेश निघाला, पेनही लगेच सापडलं. सूर्यभानने शाई वाळू दिली, कागद घडी करून खिशात घातला आणि रॉकेलची वाटी आबासाहेबांच्या हातात दिली.

“आता ही नीट धरा,” तो म्हणाला, “सांडू देऊ नका.”

आबासाहेबांनी ती दोन्ही हातांनी धरली.