भात चढवायचं काम

शेगडी पुन्हा टिटटिट करून गप्प झाली. काचेखाली लाल 'ई' आणि शेजारी शून्य.

"आमा, नक्की हीच डेचकी चालायची ना हिच्यावर?"

"नऊ वर्षं," आमा, माझी आई, उंबऱ्याशी बसून म्हणाली. "मी तांदूळ धुवायचे, तुझे बा चढवायचे. मग मी उन्हात बसायची. भात झाला की तेच उतरवायचे."

बांना जाऊन सोळा दिवस झाले होते. तेरा दिवस अंगणात लाकडांवर शिजवलं. सुतक फिटलं, भाऊ कतारला कामावर परतला, आणि चौदाव्या दिवसापासून ही इंडक्शनची शेगडी भात शिजवेना. मी स्टीलच्या पातेल्यात करून पाहिला. आमाने दोन घास चिवडले आणि ताट सरकवलं. तिच्या आईने लग्नात दिलेल्या पितळी डेचकीतला भातच तिला भात वाटतो. तेव्हापासून ती चहाबरोबर मूठभर चिउरा, म्हणजे कोरडे पोहे, खाऊन दिवस काढत होती.

काल म्हणाली, "चूलही त्यांच्यामागे गेली. मी येते तुझ्याबरोबर पोखऱ्याला. इथे आता काय शिजायचंय?"

मला परवा शाळेत रुजू व्हायचं होतं. माझ्या दोन खोल्यांत ती मावली असती. पण बनेपाचं हे अंगण सोडून दोन रात्री बाहेर राहिली तरी तिची झोप उडायची.

बा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. एकतीस वर्षं नळ्या धुतल्या, भिंगं पुसली. शिक्षक नसले तरी मुलं त्यांना लॅबसर म्हणायची. घरातलं काही मोडलं की कुणाला न सांगता दुरुस्त करून ठेवायचे. त्यामुळे आमच्या घरात काही मोडतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

मी भाषा शिकवते. माझ्या घरी गॅस आहे. फोनवर पाहून जे जे सांगितलं होतं ते केलं. प्लग दुसऱ्या खोलीत लावला. शेगडी उलटी करून पंख्याच्या जाळीतली धूळ आणि एक वाळलेलं झुरळ काढलं. काच पुसली, डेचकीचं बूड चिंचेने घासलं. चहाची किटली ठेवली तर पाणी दोन मिनिटांत उकळलं. डेचकी ठेवली की 'ई' आणि शून्य. शेगडी ठीक होती, डेचकी ठीक होती, आणि दोघी मिळून चालत नव्हत्या. मला काही कळेना. चौकातल्या साइँलाला बोलावलं. मिक्सर, पंखे दुरुस्त करतो तो. एकेकाळचा बांचा विद्यार्थी.

त्याने डेचकी ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. खिशातून फुटक्या स्पीकरमधलं चुंबक काढून किटलीच्या बुडाला लावलं. चिकटलं. डेचकीला लावलं, ते घसरून खाली पडलं.

"दिदी, शून्य म्हणजे हिला वर भांडंच दिसत नाही. ज्याला चुंबक चिकटतं तेवढंच दिसतं हिला. पितळ हिच्यावर कधीच चालत नाही."

"नऊ वर्षं चाललंय," आमा म्हणाली.

"गुरुआमा, नाही चालत हो."

"मग मी नऊ वर्षं कच्चे तांदूळ खाल्ले का रे?"

साइँलाने डोकं खाजवलं. "सरांचं काही सांगता येत नाही. मला नववीत पास केलं होतं त्यांनी."

"त्यांनी नव्हे, हेडसरांनी. ते फक्त तुझ्या फोडलेल्या नळ्या झाडायचे."

सोळा दिवसांत ती पहिल्यांदा एवढं बोलली. मग म्हणाली, "नाकाबंदीच्या वर्षी गॅस मिळेना म्हणून ही आणली तेव्हाही अशीच टिटटिट करायची. मी म्हटलं, डेचकी सोडणार नाही. आठ दिवसांनी चालायला लागली. विचारलं तर म्हणाले, समजावलं मी तिला."

"कसं समजावलं?"

"मला काय माहीत. खाली काहीतरी काळं, गोल असायचं. मला वाटलं चुलीचंच अंग आहे ते."

काळं, गोल.

बा गेले त्या दिवशी पुरुष मसणात गेले, आम्ही बायका घरी थांबलो. मसणातून आलेल्यांनी विस्तव, काटा आणि लोखंड यांना शिवूनच घरात यायचं असतं. ते परतायच्या वेळी ठुलीआमा, माझी थोरली काकू, दारातून ओरडली, "विस्तव झाला, काटा झाला, लोखंड कुठाय? लोखंड आण, प्रमिला." मी स्वयंपाकघरात धावले. शेगडीशेजारी एक काळी, जाड चकती टेकवून ठेवली होती. कशाची म्हणून पाहिलंही नाही. पायरीवर नेऊन ठेवली. बांना पोचवून आलेले सगळे तिला हात लावून आत आले.

चकती पायरीच्या कडेला झेंडूच्या कुंडीखाली होती. कुणीतरी सरकवली असणार. मी ती उचलून आत आणली. गंज धरला होता. जुना तवा होता तो, ठोकून सपाट केलेला. मूठ कापून टाकलेली, आणि कड कानशीने इतकी गुळगुळीत केलेली की बोट फिरवलं तरी टोचू नये.

साइँला हळूच म्हणाला, "आधी हे तापतं, मग पितळ. आच सहाशे वॉटच्या वर नेऊ नका, नाहीतर आपोआप बंद पडेल."

मी आमाकडे पाहिलं. "मसणातून आलेल्यांनी हात लावलेत याला. दुसरा तवा कापून घेऊ?"

तिने चकती माझ्या हातून घेतली. कडेवरून अंगठा फिरवला, पूर्ण एक फेरा.

"लोखंडाला कसलं सुतक," म्हणाली, आणि राख घेऊन घासायला बसली.

तांदूळ धुऊन झाल्यावर ती सवयीने बाजूला सरकून उभी राहिली. मी डेचकीला हात घातला.

"नको. मला दाखव."

तिने आधी चकती ठेवली, बोटाने मधोमध सरकवली, वर डेचकी ठेवली. मी बटण दाखवलं. शेगडी एकदाच टिट करून घूं घूं करू लागली. आमा तिच्यासमोर पाट घेऊन बसली. झाकण हलू लागलं.

मग म्हणाली, "परवाची तुझी बस किती वाजताची?"

साइँलाला पोचवायला मी बाहेर आले. पायरीवर गंजाचं गोल वर्तुळ उमटलं होतं. फडकं ओलं करून पुसायला वाकले, तर आतून आमाचा आवाज आला.

"राहू दे ते."