पंक्चरची डबी

"उघाडी पुन्हा?" ताईबाई चुलीपासूनच बोलली. "आते बठ्ठी हवा लागी अन् सुकी ते."

तिचा नवरा अभिमन ओट्यावर मांडी घालून बसला होता. पुढ्यात फडकं अंथरलेलं होतं आणि त्यावर पत्र्याच्या डबीतलं एकेक सामान काढून मांडलेलं होतं. ठिगळाचं रबर, काचकागदाचा तुकडा, टायर उचकायच्या दोन लोखंडी पट्ट्या, वॉलट्यूबचं वेटोळं. शेवटी सोल्युशनची ट्यूब. तिचं झाकण फिरवून त्याने थेंबभर सोल्युशन बोटावर घेतलं, अंगठ्याने चोळलं. चिकट तार निघाली.

"वलं शे," तो म्हणाला.

"काल बी वलंच व्हतं."

"काल व्हतं. आजनं आज दखनं पडस."

"दखा, दखा. बैल गया अन् झोपा कया. आते रातदिन झोपाजोडे बसा."

हे भांडण रोजचंच होतं आणि ताईबाईच्या आवाजात आता राग उरला नव्हता. सून सुलक्षणा अंगणात धुणं वाळत घालत होती. बारावीपर्यंत सायन्स शिकलेली ही पोर धुळ्याहून या घरात आली होती. सोल्युशन पातळ राहतं ते त्यातल्या एका उडणाऱ्या द्रवामुळे, आणि दरवेळी झाकण उघडलं की त्यातला थोडा उडून जातो, हे तिने सासऱ्याला समजावून सांगितलं होतं. "आबा, तुम्ही दखतस म्हनीसनच ते सुकस," असं ती स्वच्छ म्हणाली होती. अभिमनला ते पटलं होतं. तरी हात थांबत नव्हता. मग ट्यूब आटायची, आणि तो एसटीने पारोळ्याला जाऊन दुसरी आणायचा.

पारोळ्याच्या दुकानातला पुनीतशेठ एकदा हसत म्हणाला होता, "आबा, आता सगळे मोटरसायकलवाले झाले. तुमच्या घरी सायकल चालू आहे का तरी?"

"शे," अभिमन म्हणाला होता.

सायकल होती. गोठ्याच्या आढ्याला दोरखंडाने टांगलेली. तिच्यावर चिमण्या बसत.

ती नवलची सायकल. नवल त्यांचा एकुलता एक मुलगा, सुलक्षणाचा नवरा. काही वर्षांपूर्वी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी तो डांगर आणि आंबे आणायला पारोळ्याला निघाला. त्या दिवशी गाडी भावकीतल्या सुपडूने नेली होती, म्हणून सायकल काढली. मोबाइल घरात चार्जिंगला लावलेला तसाच राहिला. नाल्याच्या अलीकडे बाभळीचा काटा चाकात गेला. हे सगळं नंतर सायकल पाहून कळलं. सायकल उलटी उभी होती. चाकातून आतली ट्यूब ओढून काढलेली, भोकाभोवती काचकागदाने नीट घासलेली. रबराचं ठिगळही गोल कापून ठेवलेलं. आणि शेजारी सोल्युशनची ट्यूब, ब्लेडने उभी चिरलेली. आत सोल्युशन नव्हतं. वाळून खडा झालेला एक पिवळा गोळा होता.

त्याआधी काही दिवस अभिमनने त्याच ट्यूबने आपल्या चपलेचा अंगठा चिकटवला होता. झाकण सैल राहिलं होतं. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, कारण ताईबाईनेच पहिल्या आठवड्यात रडतरडत सगळ्यांना सांगितलं होतं.

नवल सायकल तिथेच सोडून पुढे चालत गेला असावा. वैशाखातलं ऊन, दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेली उघडी शेतं, सावलीला झाड नाही. तो पारोळ्याला पोचला नाही. विहिरी पाहिल्या, नाला पाहिला, धुळ्याचे दवाखाने पाहिले. कोणी म्हणालं सुरतला दिसला, तर अभिमन सुरतला जाऊन आला. नवल मिळाला नाही आणि नवलचं प्रेतही मिळालं नाही.

तेव्हापासून अभिमनला भर दुपारी रस्त्यावरून आवाज यायचा. हवा गेलेल्या चाकाची सायकल कोणी हाताने ढकलत नेत असेल तर टायर जमिनीवर जसा आपटतो तसा. फट्, फट्, फट्. तो उठायचा, डबी घेऊन रस्त्यालगतच्या कुडापर्यंत जायचा. रस्ता रिकामा असायचा. दुसऱ्या कोणालाच तो आवाज ऐकू येत नसे.

सुलक्षणाचं धुणं वाळत घालून झालं आणि कुंभाराची भागाबाई डोक्यावर घागरींची पाटी घेऊन अंगणात आली. उद्या आखाजी.

"अक्का, घागर लई उनू," ती म्हणाली. "एकच ना?"

दरवर्षी एकच. अभिमनच्या वडिलांच्या नावाची. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे पिकलं खरबूज, ठेवायचं, निखाऱ्यावर घास टाकायचा, मग घरच्यांनी जेवायचं. जो गेला त्याचीच घागर भरतात.

"एकच," ताईबाई म्हणाली.

"दोन," सुलक्षणा म्हणाली.

भागाबाईने पाटी खाली ठेवली आणि ती उगाच घागरी पुसू लागली.

"दुसरी कोनी?" ताईबाईने विचारलं.

"तुम्हले ठावकं शे कोनी."

"जित्ता मानूसनी घागर भरतस का कोठे? आपलाच हातघाई मारानं का त्याले?"

"जित्ता व्हतात तं इतला वरीस कोठे राहतात, अक्का?" सुलक्षणाचा आवाज चढला नाही. "मी आखाजीले माहेरले जात नही. झोकावर बसत नही. बांगड्या शेत हातमा, तं बाया म्हनतस कसाले घालस. काढ्यात तं तुम्ही म्हनशात पोर्‍याना जीववर उठनी. माले एकदाव रडू द्या. माले रडानं बी माहीत नही कोनाकरता रडू."

ताईबाई चुलीकडे तोंड करून बसली. अभिमन डबीतलं सामान पुन्हा आत भरत होता.

"आबा, तुम्ही सांगा."

"मी काय सांगू, पोरी. माले आवाज येस."

"तो आवाज तुम्हलेच येस."

"हां. माले एकलालेच येस," अभिमन म्हणाला आणि त्याने डबीचं झाकण दाबून बसवलं.

भागाबाईने जाताना दोन घागरी ठेवल्या.

आखाजीला सकाळपासूनच ऊन भाजत होतं. पोरी निंबाला झोके बांधून गाणी म्हणत होत्या, पण दुपार चढली तशी गाणी थांबली आणि सगळं गाव दारं लोटून आत गेलं. अभिमनचं घर गावाच्या टोकाला, रस्त्याला लागून. मध्ये फक्त पऱ्हाट्यांचा कूड. चुलीजवळ एक घागर भरून ठेवली होती, तिच्यावर डांगर. दुसरी भिंतीशी कोरडी होती. तिघांची ताटं वाढलेली होती आणि कोणी घास उचलत नव्हतं.

फट्. फट्. फट्.

सुलक्षणाने मान वर केली. आधी तिला वाटलं, कोणाचं दार हवेने आपटतंय. पण हवा नव्हती. आवाज ठरावीक अंतराने येत होता, चाकाच्या एका फेऱ्याला एकदा, आणि जवळ येत होता. तिने सासूकडे पाहिलं. ताईबाईचा हात ताटावर तसाच थांबला होता. तिनेही ऐकलं होतं.

अभिमन मात्र दोघींकडे पाहत होता. त्यांच्या तोंडावरून त्याला कळलं. तो हळू उठला, कोनाड्यातली डबी घेतली, खुंटीचा पंप घेतला आणि अनवाणीच बाहेर गेला.

सुलक्षणा उठली तशी ताईबाईने तिचं मनगट धरलं.

"बस. त्यासले जाऊ दे."

"अक्का, मी दखी येस."

"नको दखू." म्हातारीची पकड लोखंडासारखी होती. "बस मन्हाजोडे."

दोघी बसून ऐकत राहिल्या. फट्‌फट् कुडापाशी थांबली. सायकल उलटी टेकवल्याचा आवाज आला, मग लोखंडी पट्टीचा खणखणाट. मग बराच वेळ काहीच नाही. अभिमन भोक शोधत असेल, ट्यूब गालाजवळ फिरवून, थुंकी लावून. नंतर काचकागदाची खरखर. आणि त्यानंतर पुन्हा शांतता, लांबच लांब. सोल्युशन लावल्यावर ते ओलं असताना ठिगळ लावून चालत नाही. त्याची चमक जाईपर्यंत थांबावं लागतं, तरच ते धरतं. सुलक्षणा मनात म्हणत होती, घाई करू नका आबा. अभिमनने घाई केली नाही.

मग पंप सुरू झाला. फुस्, फुस्. कोणीतरी काही बोललं, अगदी हलकं. अभिमनचं उत्तर. घंटी नाही, पावलं नाहीत. नुसती साखळीची करकर, आणि तीही विरत गेली.

ताईबाईने मनगट सोडलं. सुलक्षणा कुडापर्यंत धावली. अभिमन फुफाट्यात बसलेला होता, मान खाली. रस्त्यावर चाकाच्या खुणा होत्या. एक गावाकडून आलेली, रुंद, फेंगडी. आणि इथून पुढे पारोळ्याकडे गेलेली, अरुंद, रेघेसारखी. वळणापलीकडे झळांनी रस्ता पाण्यासारखा हलत होता. तिला हाक मारायची होती. पण हाक मारायची तर नाव घ्यावं लागलं असतं, आणि नवऱ्याचं नाव तिने कधी तोंडाने घेतलं नव्हतं.

तिने सासऱ्याला हाताला धरून घरात आणलं. ताईबाई उंबऱ्यात उभी होती.

"कोन व्हतं?"

"सायकलवाला."

"कोठला?"

"नही इचारं."

"दिसाले कसा व्हता?"

अभिमनने डबी खाली ठेवली. "तोंडकडे दखंच नही मी."

"दखं नही?"

"मान खालेच ठेवी. पाय दखात. धुळघाई भरेल व्हतात."

"आपला पोर्‍याना पाय तुम्हले वळखू नही येतस?"

"धुळघाई भरेल पाय बठ्ठासना सारखाच दिसतस." त्याने डबीचं झाकण दाबून पाहिलं. "तोंड दखं अस्तं तं तो दुसराच कोनी निंघता. म्हनीसन नही दखं. ठिगळ चांगलं बसनं. हवा जात नव्हती. मी दोनदाव कान लाईसन दखं."

ताईबाई त्याच्यासमोर खाली बसली.

"बोलना काही?"

"पानी मांगं."

"दिधं?"

अभिमनने दोन्ही हात उघडे करून पाहिले. बोटांवर सोल्युशन वाळलं होतं, कातडीसारखं सुटत होतं.

"मन्हाजोडे डबीच व्हती," तो म्हणाला. "थांब म्हनं मी. घरमाईन आनस म्हनं. तवलोंग तो बसीसन चालना गया."

बाहेर एक टिटवी ओरडत गेली.

"इतला वरीस," ताईबाई म्हणाली, "बठ्ठं तयार ठेवं. काचकागद ठेवा, पंप ठेवा. पानी ठेवानं कोनालेच सुचनं नही." तिचा आवाज कुठे चढला नाही, कुठे तुटला नाही. "तान्हेला गया तो."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली. भिंतीशी ठेवलेली कोरडी घागर तिने पदराने आतून पुसली, हंड्यापाशी नेली आणि तांब्या तांब्याने भरू लागली. नव्या मातीने पहिलं पाणी शोषून घेतलं. ती ओतत राहिली. काठोकाठ भरल्यावर चुलीशी नेऊन पहिल्या घागरीशेजारी ठेवली, आणि पुटपुटली, "नवलना नावनी."

इतक्या वर्षांत घरात ते नाव असं, मोकळं, कोणी घेतलं नव्हतं. सुलक्षणा खांबाला टेकून खाली बसली. आधी तिच्या घशातून नुसता श्वास आला, मग आवाज. ताईबाईने तिला थांबवलं नाही.

अभिमनने निखाऱ्यावर टाकायला घास हातात घेतला होता.

"थांबा," ताईबाई म्हणाली. तिने तळहात घागरीच्या पोटावर ठेवला. नवी घागर, अजून पाझरायला लागली नव्हती. "कोमट शे आजून. गार व्हवू द्या."

तिघंही घागरीजवळ बसून राहिली.