भात्याचा हात

"याचा भाता कुठंय गो?" काळू उबाळेंनी की-बोर्डच्या मागं हात घालून चाचपलं.

"याला भाता नसतो, आबा. विजेवर चालतो."

"मंग हे श्वास कुठून घेतं?"

पौर्णिमाला हसू आलं. साऱ्या हयातीत वायरमन म्हणून खांबावर चढलेला माणूस विजेवर चालणाऱ्या वस्तूला श्वास विचारत होता! शहापुरात लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट जोडायच्या खोलीत ती कामाला होती. दुपारी कॉम्प्युटर रिकामा असला की मालक तिला तिचं काम करू देई. सध्या ते काम म्हणजे रत्नदीपच्या गायन पार्टीची सीडी. बुद्धजयंतीला ती निघायची होती. गाणारा रत्नदीप, ढोलकी नथूची, आणि पेटीपाशी घोडं अडलेलं.

पेटी इतकी वर्षं काळूंची. तानशापासून टोकावड्यापर्यंत त्यांचा सूर लागला नाही अशी जयंती नव्हती. मागच्या साली लकव्यानं त्यांचा उजवा हात नेला. म्हणजे हात जागेवर होता, पण मालकाचं ऐकत नव्हता. रत्नदीप मनाचा मोठा. घरी येऊन म्हणाला, "दादा, पेटी पौर्णिमा वाजवंल, पन सीडीवर नाव तुमचंच टाकू."

काळू असे उसळले की भीमाबाईंच्या हातातला चहा सांडला. "माझ्या बापानं मागून खायचं सोडलं, आनि मी मागून नाव घेऊ? जे वाजवलं नाय त्याच्यावर माझं नाव नको!"

पण नाव हवं होतं. मनापासून हवं होतं. पार्टीची पहिलीच सीडी आणि तिच्यावर आपण नाही, हे त्यांना हात गेल्याहून जास्त लागलं होतं. भीमाबाईंना ते कळत होतं, म्हणून तर आज त्यांनीच नवऱ्याला लेकीबरोबर धाडलं होतं.

पौर्णिमानं आपण वाजवलेलं गाणं लावलं. "यात आवाज भरलेला नसतो, आबा. कुठली पट्टी, कधी दाबली, किती जोरात दाबली, एवढंच कॉम्प्युटर लक्षात ठेवतो. याला मिडी म्हनतात. नंतर त्याच बोटांवर पेटीचा आवाज लावा, नायतर सनईचा."

काळूंनी डोळे मिटून ऐकलं. "सूर चोख हाय. बोटं माझ्यापेक्षा साफ. पन पेटी मेल्यावानी वाटते गो."

तिला राग आला नाही. तिलाही तसंच वाटत होतं, फक्त नेमकं काय कमी आहे ते सापडत नव्हतं. तेवढ्यात तिचं लक्ष बापाच्या डाव्या हाताकडं गेलं. गाणं चालू होतं आणि तो हात मांडीवर एकसारखा उघडझाप करत होता. समोर पेटी नव्हती, तरी भाता चालू होता.

"आबा, तो हात इकडं द्या." तिनं त्यांचा पंजा की-बोर्डच्या कडेच्या सरकत्या दांडीवर ठेवला. "ही पुढं सारली की आवाज चढतो, मागं घेतली की उतरतो. माझी बोटं आत हायतच. तुमी नुसता भाता मारा. तुमचा ट्रॅक वेगळा भरते."

"खेळनं हाय हे," काळू पुटपुटले. पहिल्या कडव्याला त्यांचा हात लाजला. दुसऱ्याला सैलावला. तिसऱ्या कडव्यात ते की-बोर्ड विसरले, लकवा विसरले आणि मान डोलवायला लागले.

गाणं संपलं. पडद्यावर त्यांच्या हाताची रेघ उमटली होती, वर-खाली वळणांची. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या रेघेला करवतीसारखा एक दाता होता. काळू ओशाळले. त्यांच्या जुन्या पेटीचा भाता कोपऱ्यात फाटलेला. सायकलची ट्यूब चिकटवली तरी हवा गळायचीच, म्हणून ओळ संपताना एक झटका जास्त द्यावा लागे. इथं काही गळत नव्हतं, पण हाताला कोण सांगणार?

"चुकलं. काढून टाक ते झटके."

"काढते," पौर्णिमा म्हणाली. इतक्यात रत्नदीप आत आला. "जय भीम, दादा!" म्हणत त्यानं हेडफोन चढवला, समोरचाच ट्रॅक लावला आणि ती थांबवायच्या आत गायला उभा राहिला.

परवा पौर्णिमाच्या पेटीवर त्याचा दर ओळीला दम तुटत होता. आज तुटला नाही. ओळ संपली, झटका आला, की तिथं तो श्वास घेई आणि पुढची ओळ उचली. वर्षानुवर्षं तो त्याच जागी श्वास घेत आला होता. अख्खं गाणं गाऊन त्यानं हेडफोन उतरवला.

"दादाची पेटी माळ्यावरून कधी काढली गो?"

"माळ्यावरच हाय ती."

"मंग ट्यूब लावलेला भाता कुठून आला?"

पौर्णिमानं नुसतं बापाकडं बोट दाखवलं. रत्नदीप बघतच राहिला. काळूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"आता टाक नाव," ते म्हणाले. "पेटी पौर्णिमा उबाळे, भाता काळू उबाळे. जास्त नको नि कमी नको. आनि ते झटके ऱ्हाऊ दे, पोरी."

बुद्धजयंतीला विहारासमोर कर्ण्यातून सीडी वाजत होती. काळू पुढच्या सतरंजीवर बसले होते, उजवा हात मांडीवर निजलेला, डावा उघडझाप करणारा. त्याचं कोपर शेजारी बसलेल्या भीमाबाईंना लागत होतं. जरा सरकून त्यांनी त्या हाताला जागा करून दिली.