शंभरात सोळा

मी दारावरचा मोजणारा बोलतोय. चपला-बुटांच्या एका दुकानात, दाराच्या चौकटीवर मला स्क्रू पिळून बसवलं होतं. काडेपेटीएवढा जीव आणि खाली एक लाल डोळा. त्या डोळ्याखालून कुणी आत आलं की माझा आकडा एकाने वाढायचा. एवढीच माझी अक्कल. त्या एवढ्याशा अकलेवर एका बाईची एकोणीस वर्षांची नोकरी घालवली गेली, आणि घालवणाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही.

जन्म कारखान्यातला. तिथल्या तपासनीस मुलीने आपला हात वीसदा माझ्याखालून फिरवला, मी वीस सांगितले, तिने शिक्का मारून मला खोक्यात टाकलं. वीस माणसं नव्हती, हात एकच होता. पण ते मला कळायचं कारण नव्हतं. तिला ठाऊक होतं, तेवढं पुरे होतं.

मला विकत घेतलं ते दुकानमालकांच्या जावयाने. थोरल्या मालकांचे गुडघे गेले, तसे ते मागच्या खोलीत बसू लागले आणि कारभार जावयाकडे आला. माणूस हुशार, नीटनेटका. मात्र दुकानात येणाऱ्याच्या पायाकडे त्याने कधी पाहिलं नाही. गल्ल्यामागे एक पांढरा फळा लावला आणि रोज त्यावर माझा आकडा लिहायचा. पहिल्याच आठवड्यात त्याने हिशेब मांडला. दिवसाला माणसं आत आली तीनशे चाळीस, जोड विकले गेले चौपन्न. म्हणजे शंभरात सोळा.

दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आधी त्याने चारही विक्रेत्या बायकांना फळ्यासमोर उभं केलं. गिऱ्हाईक दारापर्यंत आणायचं काम आपण करतो, तुम्ही त्याला हातचं घालवता, असं तो शांतपणे म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. महिनाभरात टक्का वाढला नाही तर एक जण कमी करू, हेही त्याने त्याच आवाजात सांगितलं.

चौघींत वयाने मोठी होती ती मास्तरीण. शाळेत तिने कधी शिकवलं नव्हतं. पण पाय मापताना गिऱ्हाइकाला अशी दटावायची, की तेच नाव पडलं. ‘आखूड बूट घालून मिरवायचं आणि मग टाचा धरून बसायचं, कुणी सांगितलंय?’ असं ती भल्याभल्यांना ऐकवायची, आणि तीच माणसं पुढल्या खेपेला तिलाच शोधत यायची.

आता खरी गोम ऐका. दुकान लहान, माल ठेवायचं गोदाम रस्त्यापलीकडे, जिना चढून वर. गिऱ्हाइकाला मापाचा जोड हवा असला की बाईने रस्ता ओलांडायचा, खोकं घेऊन परत यायचं. परत येताना ती माझ्याखालून यायची, आणि मी मोजायचो, एक. एका माणसासाठी तीन खोकी आणली की मी तीन माणसं वाढवायचो. म्हणजे जी जास्त राबेल, तिच्यामुळे टक्का जास्त घसरायचा. मला हे दिसत होतं. तोंड नव्हतं.

मास्तरिणीच्या ते पंधरा दिवसांत ध्यानात आलं. भर दुपारी दुकानात दोनच गिऱ्हाइकं असताना फळ्यावरचा आकडा कसा फुगतो, हे तिला पटेना. तिने एका खोक्याचं झाकण घेतलं आणि त्यावर खडूने रेघा ओढायला सुरुवात केली. आपल्यातली कुणीही गोदामातून परत आली की एक रेघ. संध्याकाळी रेघा भरल्या एकशे अठ्ठेचाळीस.

सकाळी तिने ते झाकण गल्ल्यावर ठेवलं. थोरले मालकही त्या दिवशी बाहेर येऊन बसले होते.

“साहेब, तुमच्या तीनशे चाळिसात दीडशेच्या आसपास आम्हीच आहोत,” ती म्हणाली. “आम्हाला वजा करा. शंभरात अठ्ठावीस पडतात.”

जावयाने झाकणाकडे पाहिलंही नाही. यंत्राला कुणाची बाजू घ्यायची नसते बाई, तुम्हाला घ्यायची आहे, असं तो म्हणाला. तिने त्याला फक्त एक दिवस दारात उभं राहायला सांगितलं. त्याने तिला महिनाअखेरीपासून येऊ नका म्हणून सांगितलं. थोरल्या मालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. झाकणावरच्या रेघा पाहिल्या, आणि उठून मागच्या खोलीत गेले.

ती शेवटची बाहेर पडली, ते मी मोजलंदेखील नाही. मी आत येणारेच मोजतो.

उरलेल्या तिघी शहाण्या झाल्या. गोदामात जाणंच त्यांनी सोडलं. कुणी मापाचा जोड मागितला की ‘संपलाय’ म्हणायचं आणि हसून दार दाखवायचं. तीन महिन्यांत माझा आकडा एकशे तीसवर आला आणि विक्री एकतीस जोडांवर. पण जावयाने भागाकार केला, तर शंभरात चोवीस! फळ्यावर त्याने ते दुहेरी रेघ मारून लिहिलं आणि बायकोला दाखवायला फोटोही काढला. दुकान डोळ्यांदेखत रिकामं होत होतं, आणि हा माणूस टक्का चढला म्हणून मिशीतल्या मिशीत हसत होता.

शेवटी थोरले मालकच एक दिवस दाराशी खुर्ची टाकून बसले. एका म्हाताऱ्या गृहस्थाला रुंद पंजाचा बूट हवा होता. तिघींतल्या एका मुलीने संपलाय म्हणून सांगितलं. मालकांना ठाऊक होतं, तसले बूट गोदामात धूळ खात पडलेत. ते स्वतः कठडा धरत जिना चढले आणि खोकं घेऊन आले, तोवर गिऱ्हाईक गेलं होतं. त्यांनी मुलीला कारण विचारलं.

“आणायला गेलं की टक्का पडतो, मालक,” ती म्हणाली. “मास्तरीणबाईंचं झालं ते आमचं व्हायला नको.”

त्याच संध्याकाळी ते मास्तरिणीकडे गेले. ती आता नाक्यापलीकडच्या दुकानात पाय मापते. परत या, म्हणून त्यांनी विनवलं. तिने काय उत्तर दिलं, ते त्यांनी माझ्याखाली उभं राहून जावयाला जसंच्या तसं ऐकवलं: “झाकण तुमच्या पुढ्यात ठेवलं होतं, मालक. त्यांनी नाही पाहिलं ते एक वेळ ठीक, पण तुम्ही पाहिलंत आणि गप्प बसलात. मी येणार नाही.”

आणि जावई काय म्हणाला? यंत्रच बिघडलेलं निघालं, म्हणाला.

मी! ज्याची एक खेपही कधी मोजायची राहिली नाही, तो मी बिघडलेला!

त्याने मला उतरवलं आणि फर्निचरचं दुकान असलेल्या एका मित्राला देऊन टाकलं. सध्या मी त्या मित्राच्या गाडीत, पुढच्या कप्प्यात, किल्ल्यांच्या जुडग्याखाली पडून आहे. उद्या मला नव्या चौकटीवर ठोकणार आहेत.

नव्या मालका, तुला एवढंच सांगतो. मला लावलंस की पहिला दिवस माझ्याखाली उभा राहा. आत कोण येतं, कशाला येतं, हात हलवत का जातं, ते बघ, आणि तिथे राबणाऱ्यांना विचार. मग खुशाल माझा आकडा घे. तेवढीही सवड नसेल, तर मी काही खोटं सांगणार नाही. अगदी बिनचूक आकडा देईन. त्याच्यावर विसंबून तू तुझ्या चांगल्या माणसांना हाकलशील, आणि मी वर बसून बघत राहीन.