जलनाथबाबाचा त्रिशूळ

मुर्धा गावच्या देवळापुढे मुंगीला शिरायला जागा नव्हती. घरोघरच्या बोअरचं पाणी काचेच्या ग्लासांत मांडलेलं, आणि जलनाथबाबा पाटावरच्या भगव्या कापडात मूठ गुंडाळलेला लोखंडी त्रिशूळ एकेका ग्लासात बुडवत होता.

“घर में करणी असेल तर पानी बोलेल!”

कुठे पिवळट रंग आला, कुठे तांबूस. आमचं पाणी मात्र काळपट गढूळ झालं. बाबाने माझ्या आईकडे, पुष्पलताकडे बोट केलं. “यही है! हिनेच करणी करून गाव बांधलंय!”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दाराशी उताऱ्याची लिंबं पडू लागली. शेजारच्या आनंदीकाकीने आईला पाहताच नातू पदराखाली घेतला. आईने घराबाहेर पडणंच सोडलं.

मी मिनल, पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला. “झाडं लावाया कॉलेज कशाला गो?” असं हीच काकी मला विचारायची. पण पहिल्या वर्षी आम्ही झाडं कमी आणि रसायनशास्त्र जास्त शिकतो. तो काळपट गाळ मी प्रयोगशाळेत पाहिला होता. बाबाला गुपचूप गाठता आलं असतं, पण मला त्याची फजिती चारचौघांत करायची होती.

महिन्याने तो पुन्हा आला. मी पुढे झाले. “बाबा, तुमच्या तीर्थात बुडवा की!”

त्याने ऐटीत बुडवला. पाणी नितळच राहिलं. “देखा? पवित्र!”

मी त्यात घरचं मूठभर मीठ टाकलं. “आता?”

बाबाने हात मागे घेतला. गावकीचे बाळारामकाका खेकसले, “बुडव ना रं!” आणि त्याचं मनगट धरून बुडवलाच. बघता बघता तीर्थ काळपट झालं. मी पाटावरचं भगवं कापड ओढलं. खाली बॅटरी होती, तिच्या दोन वायरी त्रिशुळाच्या एकमेकांपासून वेगळ्या दोन पात्यांना जोडलेल्या.

“खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं, त्याचाच हा गाळ. बाबाचं तीर्थ बिनक्षाराचं, म्हणून मीठ पडेपर्यंत नितळ. आमचं घर खाडीला लागून, म्हणून बोअरचं पाणी सगळ्यात खारं. यात आईने काय केलं?” मी ग्लास बाबापुढे धरला. “प्या आता तीर्थ.”

“बेटी, माफ कर...”

“प्या!”

तो मागे मागे सरकू लागला. मला मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी आधीच कळवून ठेवलेले पोलीस त्याला जादूटोणाविरोधी कायद्याखाली घेऊन गेले.

“झालं ते इसर गो,” काकी म्हणाली.

“न्हाय इसरत. बाबाने आईला काय म्हटलं आणि तुम्ही काय केलंत, ते चौकीत येऊन सांगा. सगळ्यांनी.”

मान खाली घालून सगळे आले.

दुसरा बाबा येईलच. तेव्हा हात जोडण्याआधी एवढंच विचारा, पाण्यात काय आहे आणि कापडाखाली काय आहे. तेवढं कुणी विचारलं असतं, तर माझी आई महिनाभर स्वतःच्याच घरात कोंडून राहिली नसती.