ओझ्याखालचा घोडा

माझ्या धाकट्या भावाला घोड्यांच्या दलालीपलीकडे काही जमलं नाही, आणि तीही धड जमली नाही. त्या सकाळी तो एक तांबडा घोडा घेऊन माझ्या तबेल्यात आला. देखणा, कोवळा, आणि बेंबीपाशी लिंबाएवढा फुगवटा.

"हर्निया आहे," मी म्हटलं. "मी काय आंधळी वाटले तुला?"

"एवढासा तर आहे गं, ताई. तू नाही घेतलास तर संध्याकाळी खाटकाकडे. तो चालत आलेलंच जनावर घेतो."

मी वाकून फुगवटा बोटांनी दाबला. मऊ होता, अलगद आत गेला. घोडा शांत उभा राहिला आणि माझं मन तिथेच पाघळलं. माझा म्हातारा घोडा विटांची गाडी ओढताना आता धापा टाकतो. दुसरा मिळाला नाही तर धंदा बसला. तरी मी काही दुधखुळी नाही. आत जाऊन जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, जवळच आहे, येऊन बघतो, ऑपरेशनने सुधारेल, तोवर जुंपू नका.

आमच्या धंद्यात ओझ्याखाली बघितल्याशिवाय कोणी घोडा घेत नाही. मला पटवायच्या नादात भावाने तेवढ्यात तो भरल्या गाडीला जुंपला, पोटावर तंगाचा पट्टा करकचून आवळला आणि चढावर घातला. मी बाहेर आले तेव्हा चाबकाच्या दांड्याने तो घोड्याच्या तोंडावर मारत होता. "चल, हरामखोरा! माझी इज्जत घालवतोस?" घोड्याच्या नाकातून रक्त गळत होतं. टापा घसरल्या आणि तो गुडघ्यांवर आला.

"थांब, मुडद्या!"

तो थांबला नाही. मी चाबूक हिसकावला आणि त्याच्याच तोंडावर ओढला. कानापासून हनुवटीपर्यंत कातडी फाटली. दुसरा फटका मी चवीने मारला, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तंग कापताच घोडा आडवा पडला. स्वतःच्याच पोटावर लाथा झाडत तो लोळू लागला; गाडीचा दांडा कडकन मोडला. फुगवटा आता दगड झाला होता.

डॉक्टरने येऊन हात लावला आणि मान हलवली. "आतडं अडकून पीळ बसलाय. वेळ गेली. आता मरणाची सुई देऊन सोडवायचा, बस. घोडा कोणाचा?"

"माझा," भाऊ रक्त थुंकत म्हणाला. त्याने दोरी मनगटाला गुंडाळली होती. "सुई-बिई नाही. उठला की खाटकाकडे नेतो."

"मालक नाही म्हणत असेल तर माझे हात बांधलेले आहेत."

घोड्याने डोकं जमिनीवर आपटलं. पुन्हा आपटलं.

"मी घेतला," मी म्हणाले. "काय हवं ते माग."

फाटक्या गालाने तो हसला. "खाटकाला शब्द दिलाय मी. बदल्यात तुझा म्हातारा घोडा दे. तो चालतो तरी."

मी मोडका दांडा उचलला आणि त्याच्या मनगटावर हाणला. हाडाचा आवाज झाला. तो किंचाळत खाली बसला आणि दोरी सुटली. आमच्या बाजारात दोरी ज्याच्या हातात, जनावर त्याचं. मी ती उचलली.

"डॉक्टर, घोडा माझा. द्या सुई."

डॉक्टरने भावाकडे बघितलं, दोरीकडे बघितलं आणि म्हणाला, "डोकं धरा."

मी डोकं मांडीवर घेऊन बसले. माझं रडू थांबेना. डॉक्टरला सिरिंज भरायला जेवढा वेळ लागला, तेवढाच वेळ तो घोडा माझा होता. भाऊ पलीकडे ताई, ताई करत विव्हळत होता. मी तिकडे बघितलंही नाही.